चौकातल्या हवेचं वजन

काय काम करता म्हणून कुणी विचारलं की ती सांगायची, "धूळ मोजते." समोरचा हसला की तीही हसायची. हवा तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत तिला सगळे मायक्रोताई म्हणत. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि तिचा तराजू तितकं बारीक वजन सांगायचा. तो काचेच्या पेटीत बसवलेला होता. खोलीत कुणी दार आपटलं तरी आकडा थरथरायचा, म्हणून तिथे पंखा नव्हता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. शिंक आली तर व्हरांड्यात जाऊन शिंकावं, असा नियम तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दारावर चिकटवला होता. मोठे साहेबसुद्धा तो पाळत.

काम म्हटलं तर सोपं होतं. पांढरा कागद आधी तोलायचा. मग तो हवा ओढणाऱ्या यंत्रात बसवायचा. चोवीस तास हवा त्यातून पार होते आणि धूळ कागदावर राहते. दुसऱ्या दिवशी तो चिमट्याने काढून आणायचा, एक दिवस कोरड्या कपाटात ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. दोन वजनांमधला फरक म्हणजे त्या दिवशी तिथल्या माणसांच्या छातीत काय जात होतं त्याचा हिशोब. वापरलेले कागद पाकिटात घालून, तारीख टाकून ती फडताळात रचून ठेवायची. टाकून द्यायची परवानगी होती, पण तिला ते जमलं नाही. अठ्ठावीस वर्षांत तीन फडताळं भरली होती.

शहरात अशी सात यंत्रं होती. सगळ्यात काळा कागद यायचा चार रस्त्यांच्या चौकातून, तिथल्या औषधांच्या दुकानाच्या गच्चीवरून. आणि त्या गच्चीच्या खाली, चौकाच्या मधोमध, तिचा भाऊ उभा असायचा.

भाऊ वाहतूक पोलीस होता. सहा फुटांचा गडी, पण घरातलं नाव छोट्या. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती पंधराची. वडील कारखान्यातून थकून येत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. त्यामुळे त्याच्या शाळेच्या डब्यापासून ते लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. नोकरीचा अर्जसुद्धा तिनेच भरला होता. त्याला चित्रं काढायची होती. ती म्हणाली, चित्रं काढून पोट भरत नाही, आधी नोकरीला लाग, मग काढ हवी तेवढी. तो लागला. चित्रं राहिली ती राहिलीच.

चौकात त्याचं चांगलं बस्तान बसलं. शाळेच्या बसमधली मुलं त्याला शिट्टीमामा म्हणत, कारण वाहनं थांबवायची त्याची शिट्टी एखाद्या गाण्यासारखी वर जाऊन खाली यायची. रस्ता ओलांडायला घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांचा हात धरून तो त्यांना पलीकडे नेऊन सोडायचा आणि परत येईपर्यंत चारही बाजूंची वाहनं मुकाट उभी राहायची. ती रोज सकाळी कागद बदलायला गच्चीवर जायची. खाली उतरली की दोघं दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्या चहा घेत. मास्क लाव म्हणून ती त्याच्या मागे लागायची. तो म्हणायचा, "ताई, मास्क लावला तर शिट्टी कानाने वाजवू का?"

ते खरंच होतं. मास्क किंवा शिट्टी, दोन्ही एकदम जमत नव्हतं. आणि शिट्टीशिवाय त्या चौकात तासभरसुद्धा निभावलं नसतं.

दहा वर्षं अशी गेली. नंतर एका वर्षी कुठल्याशा यादीत शहराचं नाव सगळ्यात वर आलं. यादी होती सगळ्यात घाण हवेच्या शहरांची. वर्तमानपत्रांनी ओरड केली, वरून फोन आले, आणि मोठ्या साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. नीट समजावून बोलायचा, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं कठीण जायचं. तो म्हणाला, "बाई, चौकाच्या तोंडावर यंत्र ठेवून शहराची हवा मोजणं म्हणजे चुलीत थर्मामीटर घालून घराला ताप आहे का ते बघणं."

यंत्र चौकातून काढून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ, बागेत न्यायचं असं ठरलं. कारण लिहायचं होतं की गच्चीला वाहनांचे हादरे बसतात, त्यामुळे यंत्र नीट चालत नाही. त्या कागदावर यंत्र सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची सही लागणार होती, म्हणजे तिची. इतकी वर्षं होऊनही ती कंत्राटावरच होती, नोकरी तेव्हा अजून कायम झालेली नव्हती. फाईल साहेबांच्याच टेबलावर पडून होती. साहेब त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. चुलीत थर्मामीटर घालू नये हे तिला पटत होतं. पण या चुलीत माणसं उभी असतात, त्यातला एक माझा भाऊ आहे, हेही तिला ठाऊक होतं. हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच मागे फिरलं. तिने सही केली.

शहराचा आकडा सात यंत्रांतल्या सगळ्यात वाईट आकड्यावरून ठरायचा; पुढच्या महिन्यात तो निम्म्याखाली आला. हवा सुधारली, असं वर्तमानपत्रात छापून आलं.

त्याच सुमारास छोट्याने बदलीचा अर्ज दिला होता. खोकला जात नव्हता, जिने चढताना धाप लागायची, आणि बायकोने तगादा लावला होता की कुठेतरी कचेरीत बसायचं काम घे. अर्ज मंजूर व्हायच्या बेतात होता. एका रविवारी तो बायकोसोबत, वर्तमानपत्र घेऊन बहिणीकडे आला, खुशीत होता. म्हणाला, चौकातली पोरं सोडून जायचं जिवावर आलं होतं, आता अर्ज मागे घेतो, हवा सुधारली म्हणे. बायको म्हणाली, तुमचा रुमाल तर अजून तसाच काळा निघतो. तो हसला आणि म्हणाला, "रुमालाला काय कळतंय? आकडा ताईने मोजलाय."

ती तेव्हा ओट्यापाशी उभी होती. गॅसवरचं दूध बघायचं निमित्त होतं. दूध उतू गेलं तरी ती वळली नाही.

पुढची आठ वर्षं तो त्याच चौकात उभा राहिला.

तिला काही झोप लागायची नाही असं नाही. माणसाला झोप लागते. पण तिने एक गोष्ट केली. भंगारात काढलेलं एक जुनं यंत्र प्रयोगशाळेच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतलं आणि औषधवाल्याला सांगून गुपचूप त्याच गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड ठेवलं. महिन्यातून एक दिवस ते चालवायचं. भावाने विचारलं तर सांगायची, जुने सुटे भाग न्यायला आले होते. तो कागद ती सगळे घरी गेल्यावर तोलायची, आकडा पाकिटावरच लिहायची आणि पाकीट एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. वहीत त्याची नोंद नव्हती. आपण असं का करतो हे तिला नीट सांगता आलं नसतं. कुठेतरी खरं लिहिलेलं असावं, एवढंच. पण त्यामुळे एक सोय कायमची गेली. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची. तिला दर महिन्याला माहीत होतं.

उन्हाळे वाढत चालले होते. पूर्वी चार-पाच दिवस अंगाची काहिली व्हायची, आता तीन-तीन आठवडे व्हायची, आणि वारा पडला की चौकातला धूर जागचा हलायचा नाही. अशाच एका दुपारी छोट्या शिट्टी वाजवता वाजवता खाली बसला. लोकांना वाटलं ऊन लागलं. दवाखान्यात छातीचे फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सिगारेट किती वर्षं? तो म्हणाला, कधीच नाही. त्यांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरून पाहिले. फुप्फुसं कडक होऊन आकसत चालली होती. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या, पण अठरा वर्षं जिथे उभे होतात त्याचा वाटा मोठा आहे. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं जपायचं होतं.

घरात प्राणवायूचं यंत्र आलं. ते दिवसरात्र घरघरायचं. लांब नळी लावून तो पलंगापासून खिडकीपर्यंत जायचा आणि म्हणायचा, "दोरी बांधलेली म्हैस झालोय मी." त्याची मुलगी हसायची. बायको हसायची नाही.

काही महिन्यांनी विद्यापीठातून एक संशोधक मुलगी प्रयोगशाळेत आली. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, पण मायक्रोताईला ती मुलगीच वाटली. तिला जुने कागद हवे होते. बहुतेक शहरांत ते कुणी जपून ठेवत नाही, आणि इथे तीन फडताळं भरलेली बघून ती जमिनीवरच बसली. तिने प्रत्येक कागदाची एक बारीक पट्टी कापून नेली. तीन महिन्यांनी परत आली ती आलेख घेऊन.

वजन सांगतं धूळ किती, ती समजावून सांगत होती, पण धूळ कशाची ते सांगत नाही. ते या पट्ट्यांनी सांगितलं. सगळ्यात जुन्या कागदांवर शिसं होतं, भरपूर. ते पेट्रोलमधून यायचं आणि लहान मुलांच्या रक्तात जायचं. पेट्रोल बदललं आणि चार-पाच वर्षांत रेष जवळपास तळाला टेकली. मग गंधक. डिझेल स्वच्छ झालं तशी तीही रेष उतरली. मायक्रोताईने हे सगळे कागद आपल्या हातांनी तोलले होते, पण त्यांच्या पोटात ही गोष्ट आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आपण वाईट तेवढंच मोजतो, असं तिला अठ्ठावीस वर्षं वाटत आलं होतं.

तिने विचारलं, मग हे तापमानाचं काय? ते तर कुणाच्या हातात राहिलं नाही म्हणतात.

संशोधक मुलीने चहाचा कप बाजूला ठेवला. "लोक तसं म्हणतात, कारण कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो. तो पाहुणा नाही, घरजावई आहे. पण पूर्वी आम्हाला वाटायचं की धूर थांबवला तरी पृथ्वी पुढे कित्येक दशकं तापतच राहील. आता हिशोब असं सांगतात की कार्बन सोडणं खरोखर थांबलं, तर तापमानाची चढणही जवळपास तिथेच थांबते. खाली येत नाही लवकर, पण चढायची थांबते. म्हणजे अजून आपल्या हातात आहे. आणि काजळीचं तर त्याहून बरं. काजळीही ऊन शोषून हवा तापवते, पण ती आठवड्याभराची पाहुणी. आज थांबवा, पंधरा दिवसांत हवेत दिसणार नाही."

सगळंच गोड नाही, हेही तिने सांगितलं. गंधकाचे कण थोडं ऊन परतवून लावायचे, ते गेले की दडलेली उष्णता उघडी पडते, म्हणून धूर आणि कार्बन दोन्हींवर एकदमच काम करावं लागेल. तिच्या बोलण्यात घाई नव्हती. फुकटचा धीर देणाऱ्यांपैकी ती नव्हती, म्हणूनच धीर वाटत होता.

"आणि छातीत गेलेली काजळी?" मायक्रोताईने विचारलं. "ती किती दिवसांची पाहुणी?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं. "तिथून ती सगळी निघत नाही," ती हळू म्हणाली.

मग तिने आपली अडचण सांगितली. चौकातली रेष आठ वर्षांपूर्वी एकदम तुटते. नेमकी तिथली काजळी कळली असती तर खूप उपयोग झाला असता, कारण शहरातल्या निम्म्या बसगाड्या दोन वर्षांपूर्वी विजेवर आल्यात आणि त्याने फरक पडला की नाही हे कुणालाच दाखवता येत नाही. फरक दिसत नाही म्हणून उरलेल्या गाड्यांचा निर्णय अडकून पडला होता.

मायक्रोताई उठली. खालच्या कप्प्यातून तिने पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. मात्र झाकण उघडू दिलं नाही. म्हणाली, मला आठ दिवस दे. आधी एका माणसाशी बोलायचं आहे.

ती दुसऱ्याच दिवशी भावाकडे गेली. दुपारची वेळ होती. भावजय स्वयंपाकघरात होती, भाची कॉलेजला. छोट्या उशांना टेकून बसला होता, नळी नाकाला. तिने यंत्र का हलवलं, सही कुणी केली, सगळं सांगितलं. डब्याचंही सांगितलं. बोलताना ती त्याच्याकडे न बघता प्राणवायूच्या यंत्रावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती.

छोट्याने नाकावरची नळी सारखी केली.

"म्हणजे मी अर्ज मागे घेतला तेव्हा," तो म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला. "तेव्हा चौकात किती होतं?"

"दोनशे ऐंशी."

"आणि छापलेलं?"

"एकशे वीस."

"मी त्या दिवशी तुझ्याच घरी होतो, ताई."

"हो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. भावजय दारात येऊन उभी होती, हात ओले. ती किती वेळची तिथे होती कुणास ठाऊक. पलंगापाशी येऊन तिने नवऱ्याच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि आत निघून गेली. छोट्याने डोळे मिटले. म्हणाला, "तू जा आता. बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

आठ दिवस गेले, मग पंधरा. तिने संशोधक मुलीला कळवलं की अजून थोडं थांब. जेवण जाईना. तराजूसमोर बसली की एकच कागद तीनतीनदा तोलायची, तरी आकडा वहीत उतरायचा नाही. तिच्या हाताखालचे लोक तिच्याऐवजी कागद तोलू लागले.

एकविसाव्या दिवशी भाची प्रयोगशाळेत आली. चपला बाहेर काढून दाराशीच उभी राहिली. "आत्या, बाबांनी बोलावलंय," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिने आत्याची पिशवी आपल्या हातात घेतली.

छोट्या तीन आठवड्यांत निम्मा झाला होता. तिने पलंगाशेजारी स्टूल ओढलं. तो एकेक वाक्य म्हणायचा, थांबायचा, पुढचं गोळा करायचा.

"तुला माफ केलं असं म्हणायला बोलावलं नाही. तेवढा दम नाही माझ्यात."

ती मान हलवत राहिली.

"आईनंतर तूच आई होतीस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुला शिव्याही घालता येत नाहीत. हेच जास्त जड जातंय." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आता चौकात कोण असतं?"

तिला माहीत होतं. एक नवी पोलीस मुलगी होती, जेमतेम पंचवीसची. तीही मास्क लावत नव्हती, शिट्टीसाठी.

"तिला जाऊन सांग. मास्क लाव म्हणून नको सांगू, ते सगळेच सांगतात. आकडा सांग. खरा. मग तिचं तिला ठरवू दे." त्याने तिचा हात चाचपला आणि मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. "आणि तो डबा देऊन टाक. तुझं जे व्हायचं ते होऊ दे."

तिने डबा दिला. त्यासोबत एक पत्रही दिलं. यंत्र का हलवलं, कुणाच्या सांगण्यावरून हलवलं आणि सही कुणाची, हे त्यात होतं. साहेब तोवर निवृत्त झाला होता. चौकशीत तो म्हणाला, जागा बदलणं हा तांत्रिक निर्णय होता, आणि बाईंनी तेव्हा हरकत घेतली नव्हती. हे दुसरं वाक्य खरंच होतं, त्यामुळे तिने ते खोडलं नाही. तिच्यावर लेखी ठपका आला. तराजूची खोली काढून घेतली आणि तिला भांडाराचं काम दिलं. बाटल्या, हातमोजे, कोरे कागद. यंत्र मात्र परत औषधांच्या दुकानाच्या गच्चीवर गेलं.

पोलीस मुलीला ती त्याच आठवड्यात भेटली. आकडा सांगितला, आणि तिच्याआधी या जागी कोण उभं होतं तेही. मुलीने तोंडातली शिट्टी काढली. मग म्हणाली, आम्हाला कुणी असं सांगितलंच नाही, आम्हाला वाटलं मोजतात म्हणजे काळजी घेत असतील. पुढे तिने आणि तिच्या जोडीदारांनी मिळून वरिष्ठांना अर्ज दिला. चौकातल्या माणसाची पाळी तीन तासांची झाली आणि मास्क घालून वाजवता येईल असा हातात धरायचा बॅटरीवरचा भोंगा आला.

डब्यातल्या शहाण्णव कागदांनी जे सांगितलं ते संशोधक मुलीने घरी येऊन छोट्याला दाखवलं. त्यानेच तिला बोलावून घेतलं होतं. तिने आलेखाचा मोठा कागद पलंगावर पसरला. काजळीची रेष सहा वर्षं चढत गेलेली होती. त्या चढणीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हा मी." मग पुढे, जिथे निम्म्या बसगाड्या विजेवर आल्या, तिथे रेष वाकली होती. पहिल्याच महिन्यापासून. दोन वर्षांत ती एक तृतीयांश खाली आली होती, आणि हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, कारण अधिकृत यंत्र बागेत झाडांची हवा मोजत बसलं होतं.

"इतक्या लवकर उतरते?" त्याने विचारलं.

"उतरते," ती म्हणाली. "उरलेल्या गाड्या बदलल्या तर अजून उतरेल. आता हे दाखवता येईल."

त्याने तो आलेख ठेवून घेतला. नंतर स्वतःच्या मुलीकडून पेन्सिल मागून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो काहीबाही काढत बसायचा. खिडकीतून दिसणारी समोरची गच्ची, वाळत घातलेले कपडे, बायकोची पाठ. दहा मिनिटं काढायचा आणि दमायचा.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जाता जाईना. उष्णतेच्या लाटेच्या अठराव्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला तो गेला. बहीण त्या वेळी औषधं आणायला खाली गेली होती. वर आली तेव्हा यंत्र बंद केलेलं होतं, आणि इतक्या दिवसांनी ती शांतता ऐकून तिला आधी वाटलं की त्याला बरं वाटतंय.

उरलेल्या बसगाड्यांचा निर्णय त्यानंतर पाच महिन्यांनी झाला. निर्णयाच्या कागदात चौकातल्या शहाण्णव नोंदींचा उल्लेख होता. नोंदी कुणी घेतल्या त्याचा नव्हता, आणि तिला ते योग्यच वाटलं. चौकाचा आकडा आता दर तासाला औषधांच्या दुकानाबाहेरच्या पाटीवर झळकतो. अजून तो चांगला नाही. पण खोटा नाही, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे. संशोधक मुलगी अधूनमधून फोन करते. इतर शहरं आपले जुने कागद शोधू लागली आहेत, असं मागे सांगत होती.

भावजयीने तिच्याशी बोलणं सोडलं होतं. भांडण नाही, टोमणा नाही. नुसतं बोलणं नाही. भाची यायची, आईला सांगून यायची, एवढं मायक्रोताईला पुरत असे. कधी येताना वडिलांची चित्रं घेऊन यायची आणि दोघी ती जमिनीवर मांडून बघत बसायच्या.

त्याला जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. कुणी बोलावलं नव्हतं. दार भावजयीने उघडलं. ती बघत राहिली, या म्हणाली नाही, पण दार उघडं ठेवून आत वळली. मायक्रोताई आत जाऊन खुर्चीवर टेकली. पलंग होता तिथे आता भाचीचं अभ्यासाचं टेबल होतं. भावजयीने पाणी आणून ठेवलं आणि समोर बसून ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. अर्धा तास दोघी तशाच बसल्या. टॉवेल, चादरी, भाचीचे कुडते. एक चादर मोठी होती, तिचं दुसरं टोक ताईने धरलं, आणि भावजयीने ते धरू दिलं.

निघताना ती दाराशी चपला शोधत होती. भावजय मागे येऊन उभी राहिली.

"जिन्यातला दिवा गेलाय," ती म्हणाली. "सांभाळून उतरा."